उचगावकर अण्णांचा काळा-पांढरा फ्लेक्स

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट दुरुस्त झाली त्या दिवशी तिचा सत्कार झाला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा नाही, लिफ्टचा. दाराला झेंडूचा हार, हाराच्या वर चिकटपट्टीने लावलेला जरीचा म्हैसुरी फेटा, बटणांच्या पाटीवर पांघरलेली शाल, आणि शेजारी हा भलामोठा फ्लेक्स. ‘आमची लाडकी लिफ्ट पुन्हा सेवेत रुजू झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ वर कन्नडमध्ये, खाली मराठीत. अगदी तळाला, शुभेच्छुकांच्या जागी, गोलात एक लहानसं डोकं. ते उचगावकर अण्णांचं. मग अण्णांनी लिफ्टच्या उंबऱ्यावर नारळ फोडला, नारळाचं पाणी फटीतून खाली गेलं आणि लिफ्ट पुन्हा बंद पडली. फ्लेक्स मात्र पुढे बरेच दिवस तिथंच होता. अण्णांचं म्हणणं, लिफ्ट बंद पडली हा लिफ्टचा दोष, अभिनंदनाचा नव्हे.

मी मूळची पुण्याची. नोकरीसाठी बेंगळुरूला आले, हेब्बाळला घर घेतलं आणि आता इथलीच झाले. पुण्यात आमच्या शेजाऱ्यांनी वीस वर्षांत आमच्याकडे एकदाच पाहिलं, तेही आमचं कुरिअर चुकून त्यांच्याकडे गेलं म्हणून. त्यामुळे शेजार म्हणजे काय याबद्दल माझ्या अपेक्षा बेताच्याच होत्या. आणि इथं नशिबात काय आलं, तर माझ्या बरोबर खालच्या मजल्यावर दत्तोबा उचगावकर.

अण्णा निपाणीचे. उभी हयात एका चहा कंपनीच्या प्रचाराच्या गाडीवर गेली. गाडीच्या टपावर कर्णा, मागे चहाचा बंब. आज चिकोडीचा बाजार, उद्या संकेश्वरचा. गाडी थांबली की अण्णा माईक घेऊन बोंब ठोकायचे, लोक जमायचे, फुकटचा चहा प्यायचे आणि जाताना पुडा घेऊन जायचे. कंपनी केव्हाच बुडाली. कर्णाही भंगारात गेला. अण्णांचा आवाज तेवढा शिल्लक राहिला, आणि तो आमच्या वाट्याला आला.

“बोलणाऱ्याची बोरं विकतात,” अण्णा म्हणतात, “न बोलणाऱ्याचे गहू तसेच राहतात. ध्यानात ठेव, बाय.”

मी कुठले गहू विकायला काढले होते, देव जाणे.

आमच्याकडे पाण्याचा टँकर येतो. सगळ्याच बेंगळुरूत येतो, त्यात काही विशेष नाही. पण आमच्याकडे टँकर आला की अण्णा बाल्कनीत येऊन तोंडाला हातांचा कर्णा करून तो जाहीर करतात. आधी कन्नडमध्ये, मग मराठीत, मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत. नुसतं ‘पाणी आलं’ म्हणून भागत नाही. “आपल्या सर्वांचे आवडते, वेळेचे पक्के, टँकरचालक मंजुनाथ यांचं आगमन झालेलं आहे हो.” मंजुनाथ खाली पाइप सोडता सोडता मान लववून नमस्कार करतो. मी तेव्हा बहुतेक वेळा ऑफिसच्या मीटिंगमध्ये असते. परदेशातल्या आमच्या एका साहेबाने एकदा फार आदराने विचारलं होतं, हे मंजुनाथ तुमच्या टीममध्ये कधी आले?

बरं, रस्त्यावर फ्लेक्स लावायला बंदी आहे. अण्णा कायदा पाळणारे. म्हणून सगळे फ्लेक्स कंपाउंडच्या आत, फाटकाशेजारच्या जाळीवर, पण असे की जाणाऱ्या-येणाऱ्याने मान वळवलीच पाहिजे. कुणाचा मुलगा दहावी झाला, फ्लेक्स. कुणाच्या कुत्र्याला लस टोचली, फ्लेक्स. मी एकदा जिन्यात बोलता बोलता म्हणाले, अण्णा, मी महिनाभर साखर सोडणार आहे. ते शब्द तोंडातून गेले आणि माझी अक्कल मला दिसली, पण उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी फाटकावर मी. ‘साखर सोडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ फोटो कुठला, तर पाडव्याला गच्चीवर जेवण होतं तेव्हाचा, अर्धी पुरणपोळी तोंडात असलेला. सकाळी रिक्षावाला मीटर टाकायच्या आधी वळून म्हणाला, “शुगर बिट्बिट्रा, मॅडम?” म्हणजे सोडली का साखर. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने न विचारता माझी कॉफी बिनसाखरेची केली. गल्लीत मी महिनाभर जिलबीकडे डोळा वर करून पाहू शकले नाही. साखर अशी कुणाची सुटली नसेल.

मी तणतणत खाली गेले. अण्णा दारातच उभे, जणू माझीच वाट बघत होते.

“अण्णा, मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस. आलीस ना आता? ये की आत. अक्का आहे. चहा घे. बिनसाखरेचा.”

मला कॉल होता. मी म्हटलं, येते नंतर. अण्णा म्हणाले, “सरी, सरी,” म्हणजे बरं बरं, आणि दार उघडंच ठेवून आत गेले.

हे त्यांचं ठरलेलं होतं. फ्लेक्स लागला की ज्याचा लागला त्याला निरोप, “संध्याकाळी घरी या, अक्काला भेटा, चहा घ्या.” आम्ही सगळे ‘हो हो, नक्की’ म्हणायचो आणि सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळे व्हायचो. इथं कुणाच्या घरी असं उठून कोण जातं? आधी मेसेज करायचा, मग वेळ ठरवायची, मग ती रद्द करायची, अशी पद्धत आहे.

अक्का म्हणजे त्यांच्या सौ., सुशीलाअक्का. बारीक, गोऱ्या, नऊवारी सोडून आता पाचवारीत आलेल्या. निपाणीच्या गल्लीत म्हणे त्या उंबऱ्यावर तांदूळ निवडायला बसल्या की या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांची खबरबात व्हायची. इथं आल्या आणि गप्प झाल्या. मुलगा महेश देवनहळ्ळीला विमानतळावर नोकरीला, रात्रपाळ्या फार. दिवसा तो झोपणार, म्हणून घरात हळू बोलायचं. हळू बोलता बोलता अक्कांचं बोलणंच थांबलं. काही विचारलं की मान हलवायच्या, हसायच्या, झालं. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, काही आजार नाही, माणसांत मिसळू द्या. अक्का कुठं मिसळणार? गुडघे धरलेले, जिना उतरवत नाही, आणि लिफ्टचं मी सांगितलंच.

आम्ही आपले समजत होतो की अण्णांना प्रसिद्धीची हाव आहे. सगळी बिल्डिंग तेच समजत होती. पाचव्या मजल्यावर अनिकेत म्हणून नागपूरचा मुलगा राहतो. एचएसआर लेआउटमधल्या कुठल्याशा स्टार्टअपमध्ये लोकांचं लक्ष वेधणं हाच त्याचा धंदा. त्याला अण्णा म्हणजे आपल्या धंद्यातलं जुनं माणूस वाटायचं. एकदा खाली बाकावर दोघांची जुंपली, मी भाजी घेऊन येत होते.

“अण्णा, फ्लेक्स वगैरे आऊटडेटेड आहे,” अनिकेत म्हणाला. “माझी कालची पोस्ट हजारो लोकांनी बघितली. रीच बघा ना.”

“बरं. त्यातले आले किती?”

“कुठे आले?”

“तुझ्या दारात.”

“दारात कशाला येतील? लाइक केलं ना त्यांनी.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी न्यायाधीश. “ऐकलंस? अरे बाबा, आमच्या गाडीभोवती माणसं जमायची. कर्णा ऐकला, हसली, गेली, तर साहेब आम्हाला शिव्या घालायचा. माणसानं येऊन कप हातात धरला पाहिजे. बघणं ही जाहिरात नव्हे. येणं ही जाहिरात. बाकी सगळी हवा.”

“मग तुमच्या फ्लेक्सनी येतं का कोणी?” अनिकेतने विचारलं. नागपूरची माणसं मनात ठेवत नाहीत.

अण्णांनी बाकावरची धूळ झटकली. मग म्हणाले, “माझी पंच्याहत्तरी येतेय. तेव्हा बघ. असा फ्लेक्स लावतो की झक मारत येतील लोक.”

पंच्याहत्तरी रविवारी होती, पण ती तारीख आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात नव्हती. मी शनिवारी एचएसआरला मैत्रिणीकडे राहायला गेले होते. रविवारी अकराच्या सुमारास रिक्षातून फाटकाशी उतरले, जाळीकडे पाहिलं आणि तिथंच उभी राहिले.

काळा-पांढरा फ्लेक्स. मधोमध अंडाकृती चौकटीत अण्णांचा हसरा फोटो. फोटोला चंदनाचा हार. दोन्ही बाजूंना समया, खाली पांढरी कमळं. मोठ्या अक्षरांत, ‘सर्वांचे लाडके उचगावकर अण्णा’. आणि त्याखाली, ‘रविवारी सकाळी दहापासून, राहत्या घरी, बी विंग, दुसरा मजला. सर्वांनी यावे.’

मी ग्रुप उघडला. ओम शांती, ओम शांती, ओम शांती. मंजुनाथ टँकरवाल्याचा सुद्धा आवाज रेकॉर्ड केलेला निरोप होता, त्यात तो नुसता हुंदके देत होता. शुक्रवारी संध्याकाळीच तर ते मला म्हणाले होते, बाय, तुझा रंग उजळला साखर सोडल्यापासून. मी रडतच जिना चढायला लागले. दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दाराबाहेर चपलांचा हा ढीग. आत पांढरे कपडे घातलेली माणसं. आत जायचा धीर होईना, म्हणून आधी तोंड धुऊन यावं असं ठरवून मी तिसऱ्या मजल्याकडे वळले.

तर वळणावरच्या पायरीवर अण्णा बसले होते. नवा रेशमी शर्ट, कपाळाला गंध, मांडीवर केशरीबातचं मोठं पार्सल. केशरीबात म्हणजे इकडचा शिरा.

मी किंचाळणार होते. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

“हळू. आत माणसं आहेत.”

“अण्णा, तुम्ही…” भीती, आनंद आणि राग तिन्ही एकदम आले आणि जिंकला राग. “हा काय चावटपणा आहे?”

“कसला चावटपणा? पाहुण्यांसाठी आणायला गेलो होतो. वर येतोय तर दारात ही गर्दी. आणि सगळे रडाय लागलेत. मी म्हटलं, कोण गेलं?”

“तुम्ही गेलात.”

“हो की. कळलं मला मागनं.”

मग त्यांनी मला सगळं नीट समजावलं, आणि कपाळावर हात मारून घ्यायची गोष्ट अशी की त्यात चूक काढायला जागाच नव्हती. बंदी असूनही गल्लीत सगळीकडे पुढाऱ्यांचे रंगीत फ्लेक्स. रंगीतांच्या गर्दीत रंगीत कुणाला दिसणार? म्हणून काळा-पांढरा. प्रिंटिंगवाल्याकडे काळ्या-पांढऱ्यात तयार नमुना एकच होता. अण्णांना तो आवडला. साधा, सोज्वळ, समया कशा शोभतात. मजकूर कमी, कारण रस्त्यात थांबून वाचतो कोण.

“आणि वाढदिवस हा शब्द कुठाय?”

“मुद्दाम नाही घातला. वाढदिवस लिहिलं की तुम्ही ग्रुपवर केकचं चित्र टाकता आणि बसता घरी. मी म्हटलं, कारणच लिहायचं नाही. नुसतं या म्हणायचं. कारण काय ते बघाय तरी येतील.” त्यांनी मान खाली करून दाराकडे नजर टाकली. “आले बघ.”

“अण्णा, उठा आधी. आत जा. आणि सांगा लोकांना.”

“सांगतो की. स्वल्प थांब. चपला बघ किती आहेत.”

तेवढ्यात खालून धापा टाकत शेषाद्री आले. शेषाद्री आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. गंभीर गृहस्थ, लिफ्टचं पत्र लिहितानाही कायद्याचं कलम घालतात. एका हातात पांढऱ्या फुलांचं चक्र, दुसऱ्या हातात भाषण. दाराशी चपला काढताना त्यांनी सहज वर पाहिलं. चक्र हातातून सुटलं आणि गडगडत पहिल्या मजल्यावर गेलं.

अण्णांनी त्यांना खुणेने वर बोलावलं. शेषाद्री कठड्याला धरून आले आणि त्यांनी आधी अण्णांच्या दंडाला चिमटा काढून पाहिला. मी त्यांना हिंदीत सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा होता, तो लाल झाला.

“हे नियमात बसत नाही,” ते म्हणाले. “मी शोकसभेची नोटीस काढली आहे.”

“ते भाषण आहे का?” अण्णांचं लक्ष कागदाकडे. “बाय, इंग्रजीत आहे. वाच तर काय लिहिलंय.”

मी वाचलं. प्रेमळ, परोपकारी, सोसायटीच्या कामात सदैव पुढे, त्यांची जागा भरून निघणार नाही, वगैरे. हाच माणूस मागच्या मीटिंगमध्ये जाळीवर विनापरवाना फ्लेक्स लावल्याबद्दल अण्णांना नोटीस द्यायला निघाला होता.

“चांगलंय,” अण्णा म्हणाले. “मनमिळाऊ राहिलं. मनमिळाऊ घाला आणि आत जाऊन मोठ्यानं वाचा.”

“पण तुम्ही जिवंत आहात, मिस्टर उचगावकर.”

“त्याचा वेगळा फ्लेक्स करू.”

शेषाद्री मटकन पायरीवर बसले. त्यांच्याकडे बघून मला हसू फुटलं, आणि हसू दाबताना पुन्हा राग आला. खाली लोक खरोखर रडत होते. कुणी डब्यातून भात-सार आणलं होतं, कारण ज्या घरात मयत झालं तिथं चूल पेटत नाही. महेश ड्यूटीवर, तिथं त्याचा फोन बंद असतो म्हणून बरं, नाहीतर त्याने हे वाचलं असतं तर? आणि आत अक्का एकट्या. मी म्हटलं, “पुरे झालं. तुम्ही येत नसाल तर मी जाऊन सांगते.”

मी वळले, तसा अण्णांनी माझा हात धरला. म्हातारा माणूस, पण पकड घट्ट.

“बाय, एक मिनिट. ऐक.”

“काय ऐकू?”

“ती बोलाय लागलीय.”

मी ऐकलं. उघड्या दारातून अक्कांचा आवाज येत होता. मी इतक्या दिवसांत तो कधी नीट ऐकलाच नव्हता. जाडसर, खणखणीत, निपाणीचा. कन्नडमध्ये सांगत होत्या, अधूनमधून मराठीत घसरत होत्या. अण्णा त्यांना बघायला आले होते तेव्हाची गोष्ट. बघण्याच्या कार्यक्रमात अण्णांच्या तोंडून शब्द फुटला नाही. मुलगा मुका आहे म्हणून अक्कांच्या वडलांनी नकार द्यायचं ठरवलं. तर पुढच्या बाजाराच्या दिवशी चहाची गाडी थेट त्यांच्या गल्लीत येऊन उभी, आणि कर्ण्यावरून सगळ्या गावाला जाहीर, की या गल्लीत तिसऱ्या घरात जो चहा मिळाला तसा आमच्या कंपनीलाही जमत नाही. साहेबाने पगार कापला. वडलांनी होकार दिला. “मी महिनाभर घराबाहेर पडले नाही लाजेनं,” अक्का म्हणाल्या. आतून रडता रडता कुणीतरी हसलं.

अण्णा भिंतीला डोकं टेकून ऐकत होते. पार्सल गार झालं होतं.

“हे तिनं मला कधी सांगितलं नाही,” ते म्हणाले. “लाजली होती म्हणून. मला वाटलं रागावली होती.” मग पार्सलची गाठ आवळत, “दोन वर्षं झाली, बाय. हो आणि नाही, एवढंच. मी एकटाच बडबडतो घरात, तेही हळू. म्हटलं, माणसं यायला पाहिजेत. चार बायका येऊन बसल्या तर फुटेल तोंड. म्हणून हे सगळं… तुम्ही हसता, हसा की. पण मी आत्ता आत गेलो तर काय होईल? सगळे हुश्श म्हणतील, मला शिव्या घालतील आणि उठतील. सगळ्यांना आपापली कामं आठवतील. अजून जरा वेळ मला मेलेलाच राहू दे.”

मी हात न सोडवता त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. शेषाद्रींना मराठी कळत नाही, तरी त्यांनी चष्मा काढून पुसला.

पण असं किती वेळ चालणार? मी म्हटलं, निदान अक्कांना एकीकडे घेऊन सांगते, की घाबरू नका, अण्णा इथं आहेत. बिचारीला काय वाटत असेल. अण्णा ‘बरं’ म्हणाले आणि केशरीबातचं पार्सल माझ्या हातात दिलं.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. चटईवर, खुर्च्यांवर, पलंगाच्या कडेला माणसं. अनिकेत कोपऱ्यात पांढरा टी-शर्ट घालून मांडी घालून बसलेला, डोळे सुजलेले. मंजुनाथ दारात उभा. मधोमध अक्का, हिरव्या इरकल साडीत, कपाळाला ठसठशीत कुंकू. शेजारची एक बाई त्या कुंकवाकडे बघून पुन्हा पुन्हा डोळे टिपत होती. मला बघून अक्का उठल्या, मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. आत ओट्यावर बशी-कपांची रांग मांडलेली.

“अगं, हे कुठं उलथलेत?” अक्का कुजबुजल्या. “शिरा आणाय गेले ते गेलेच. या सगळ्यांना वाटतंय ते वारले.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. “तुम्हाला माहीत आहे?”

“न कळायला काय झालं? पहिली बाई आली, गळ्यात पडून रडली, तेव्हाच कळलं. कसला तरी घोळ घातलाय यांनी.”

“मग सांगितलं का नाही, अक्का?”

त्यांनी पदराने तोंड पुसलं. खरंच दमल्या होत्या, ओठ सुकले होते.

“काय सांगू? रोज संध्याकाळी कप मांडतात ते. आज येतील बघ कोणीतरी, म्हणतात. कोण येतंय? रात्री मी ते परत फडताळात ठेवते. काही बोलत नाहीत, पण मला दिसतं ना तोंड त्यांचं. आज एवढी माणसं आलीत, त्यांच्यासाठी आलीत, आणि नेमके तेच नाहीत बघाय. ते येईपर्यंत कुणी उठून जाऊ नये म्हणून बोलत बसलेय. जे आठवेल ते सांगतेय. मला कुठं सवय राहिलीय एवढी? घसा बसला माझा.” त्यांनी माझ्या हातातलं पार्सल ओट्यावर ठेवलं, उघडून वास घेतला आणि एकदम माझ्याकडे पाहिलं. पण काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, “जा, त्यांना शोधून आण गं लवकर. गर्दी आहे तोवर बघू दे त्यांना.”

मी बाहेर आले. अण्णा तसेच बसले होते, मान तिरकी करून, कान दाराकडे. आतला आवाज थांबला म्हणून चेहरा कावराबावरा झालेला.

“का थांबली?”

“तुम्हाला शोधायला पाठवलंय त्यांनी मला.” आणि मग मी सगळं सांगितलं. कपांचं, आणि घसा बसल्याचं, आणि कुणी उठू नये म्हणून बोलण्याचं.

अण्णांनी रेशमी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, मग नाक पुसलं. शेषाद्रींनी स्वतःचा रुमाल पुढे केला.

“जाऊ या?” मी विचारलं.

ते उठले. एक पायरी उतरले. दारातल्या चपलांकडे, आतल्या माणसांच्या पाठींकडे त्यांनी डोळे भरून बघून घेतलं. मग पुन्हा मागे वळून पायरीवर बसले.

“तिला सांग,” अण्णा म्हणाले, “अजून सापडलो नाही.”

मी आत गेले आणि तसं सांगितलं. अक्का ‘बरं’ म्हणाल्या, घोटभर पाणी प्यायल्या, आणि बाहेर येऊन पदर सावरून त्यांनी पुढची गोष्ट सुरू केली.